बारावीनंतर जर्मन घ्यायचं का? (देवगड, मराठी मीडियम)

कलमाखालची

नमस्कार सगळ्यांना. यंदा बारावी झाली, आर्ट्स, ७१ टक्के. तालुका देवगड. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आमचे काका सगळीकडे असतात. बाबांची थोडी कलमं आहेत आणि एक टेम्पो.

मला परदेशी भाषेत बीए करायचंय. हे डोक्यात कसं शिरलं ते सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या होमस्टेत एक जर्मन जोडपं उतरलं होतं, ते आमच्याकडे आंब्याची काढणी बघायला आलं. त्यातल्या बाईंनी झेल्याला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) हात लावून नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग देठाचं नाव. बाबा म्हणाले, देठ ठेवून काढला नाही तर चीक सालीवर उतरतो आणि आंबा डागतो. ते मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाईंनी नवऱ्याला जर्मनमध्ये सांगितलं, आणि त्यांच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द मला पकडता आला, ‘श्टील’. म्हणजे देठ. तेव्हापासून मोबाइलवर रोज थोडं थोडं शिकतेय.

आता अडचण. माझं सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायला गेले की ततपप. काका म्हणतात, “इंग्रजी धड येना नाय, जर्मन काय बोलतलंस?” पुणं, मुंबई, गोवा, दिल्ली यातलं काय बघू? जपानीला नोकऱ्या जास्त असं सगळे म्हणतात, मग जपानीच घेऊ का? आणि दिल्लीच्या जेएनयूतल्या (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) परदेशी भाषांच्या विभागाच्या नावात भाषा, साहित्य आणि संस्कृती असं तिन्ही आहे. भाषा कळली, साहित्य कळलं. संस्कृती म्हणजे वर्गात बसवून नेमकं काय शिकवतात?

सड्यावरचो

काकांचं काही चुकत नाही. नुसत्या भाषेवर पोट भरत नाही. नर्सिंग कर आणि जोडीला जर्मन बी२ पातळीपर्यंत ने. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, पेपर वाचत जा. भाषांतर काय, आता मोबाइल करतो. बीए जर्मन करून गावात कोणाशी बोलतलंस, म्हशीशी?

उभादांड्याचं चेडू

म्हशीशी बोलायला काय हरकत आहे, माझी आजी जन्मभर बोलली. पण नर्सिंगचा सल्ला वाईट नाही हो, रक्त बघून चक्कर येत नसेल तर. मला येते.

अगो कलमाखालची, मी वेंगुर्ल्याची. २००९ साली बारावी होऊन पुण्याला गेले. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटची जुनी वास्तू आहे, तिथे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, जोडीला दुसऱ्या कॉलेजात बीए, शेवटी जर्मनमध्ये एमए. आता यंत्रांची मॅन्युअलं भाषांतरित करून खाते. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

पहिले पंधरा दिवस मी रोज रात्री खोलीवर रडले. वर्गात सगळी शहरातली पोरं, आणि व्याकरण समजावायचं ते इंग्रजीतून. नॉमिनेटिव्ह, अक्युझेटिव्ह, डेटिव्ह. मला वाटलं औषधांची नावं आहेत, निघाल्या विभक्त्या. मग एके दिवशी बाईंनी ‘मला थंडी वाजतेय’ हे जर्मनमध्ये सांगायला लावलं. सगळ्या वर्गाने इंग्रजीवरून उडी मारली आणि ‘इश बिन काल्ट’ म्हणून मोकळा झाला, म्हणजे ‘मी थंड आहे’. तसं म्हटलं तर जर्मन माणूस समजतो, ही बाई थंड काळजाची दिसते. त्यांचं वाक्य आहे ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे ‘मला’. थंडी मला वाजते, भूक मला लागते, कंटाळा मला येतो, हे आपण जन्मल्यापासून बोलतो. मी सरळ मराठीवरून गेले आणि बरोबर पोचले. त्या दिवशी रात्री रडले नाही.

दुसरी गोष्ट माझ्या इथल्या नावाची, मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते, ‘दास मेडशेन’. शब्दाच्या शेवटी ‘शेन’ लागलं की लहानपणाचा, लाडाचा अर्थ येतो आणि ते नाम नपुंसकलिंगी होतं, मग ती मुलगी का असेना. हिंदीवाल्या दोघीतिघी खवळल्या, मुलगी काय वस्तू आहे? हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यांना ते पटायचं कसं? बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे. “तां चेडू खंय गेलां?” असं माझी आई माझ्याबद्दल शेजारणीला विचारते, आणि त्यात प्रेमाशिवाय काही नसतं. बाई मूळच्या कोकणस्थ, पुण्यात वाढलेल्या, चेडू हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहून घेतला. इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारी मी, माझी मालवणी फळ्यावर!

पण मराठी प्रत्येक वेळी तारत नाही. ‘मी त्याला बघितलं’ आणि ‘मी त्याला पैसे दिले’, आपल्याला दोन्हीकडे ‘त्याला’. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘ईन’, दुसऱ्यात ‘ईम’. वर्षभर मी इथेच आपटत होते. मग एकदा गणपतीत घरी आले असताना माळ्यावर शाळेचं जुनं व्याकरणाचं पुस्तक सापडलं. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. शाळेत चीड यायची, प्रत्यय सारखेच आहेत तर दोनदा पाठ कशाला करायचे? माळ्यावर बसून कळलं की प्रत्यय सारखे, पण कामं दोन. तुझ्याकडे ते पुस्तक असेल तर रद्दीत देऊ नको.

आता कामाचं. पदवी वेगळी आणि पातळी वेगळी, हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही. कंपनी विचारते, बी२ आहे का, सी१ आहे का? ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ही मोजपट्टी काढली. जर्मनच्या परीक्षा मॅक्समुल्लर भवनात होतात, पुण्यात आहे, मुंबईत काळा घोड्यालाही आहे. (जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटला आपल्या देशात ज्या संस्कृत पंडित मॅक्समुल्लरचं नाव आहे तो स्वतः भारतात एकदाही आला नाही. मला हे फार दिवस खरंच वाटत नव्हतं.) माझ्या बॅचमधली एक एमए झाली, पातळीची परीक्षा दिली नाही, तिला मुलाखतीलाही बोलावणं येईना. तेव्हा कॉलेज कुठलंही घे, दरवर्षी एक पायरी बाहेरची परीक्षा देऊन चढ.

एमएला आम्ही कविता, नाटकं, कादंबऱ्या वाचल्या. पहिल्या नोकरीत समोर आलं ते प्रेस मशीनचं पुस्तक, आणि पहिल्याच पानावर ‘मुटर’. मुटर म्हणजे आई. यंत्रात आई कुठून आली? शब्दकोशात खाली उतरले तर दुसरा अर्थ नट, बोल्टवरचा. आईचं अनेकवचन ‘म्युटर’, नटचं ‘मुटर्न’. बरं, ते निस्तरलं. पुढे आलं ‘कोन्टरमुटर’. शब्दकोशात इंग्रजी मिळालं, पण ती वस्तू करते काय ते कळेना, आणि वस्तू कळल्याशिवाय वाक्य बसेना. शेवटी भावाला फोन लावला. तो वेंगुर्ला बंदरात, बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसलेला. म्हणाला, “एक नट बसवतंस, तेच्यार दुसरो आवळतंस. दोन पाने घेवचे, एकान धरूचो, दुसऱ्यान फिरवचो. मगे इंजिन थरथरला तरी पयलो सुटना नाय. चेकनट म्हणतत.” मागून लाटांचा आवाज येत होता आणि मी चाकणच्या कँटीनमध्ये नॅपकिनवर दोन नटांचं चित्र काढत होते.

संस्कृतीचं विचारलंस. आमच्या विषयाचं नाव ‘लान्डेसकुंडे’, म्हणजे त्या देशाची माहिती म्हण. त्यात बर्लिनची भिंत १९६१ ला का उभी राहिली आणि १९८९ ला कशी पडली हे येतं, आणि जर्मन घरात रात्री चूल न पेटवता पाव, चीज, गार मांस खाऊन का उठतात हेही येतं. रिकाम्या बाटलीचे पंचवीस सेंटपर्यंत परत मिळतात, त्याचं मला काही वाटलं नाही, आमच्या गावात सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट असायचंच.

पण खरं शिकले ते एका निबंधात. बव्हेरियात ओबरआमरगाउ नावाचं गाव आहे. १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत गावाने नवस केला आणि १६३४ पासून येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करायला लागले. आता ते दर दहा वर्षांनी होतं. २०२० चं कोविडमुळे २०२२ ला झालं. काम करायला मिळतं ते तिथे जन्मलेल्या किंवा वीस वर्षं राहिलेल्या माणसालाच, आणि गावातले पुरुष वर्षभर आधीपासून केस-दाढी वाढवतात. मी त्याच्यासमोर आपला दशावतार ठेवला. इकडे जत्रेचं नाटक, तिकडे नवसाचं. त्यांच्याकडे शब्दन् शब्द लिहिलेला, आपल्याकडे संहिताच नाही, राजा आणि राक्षस रंगमंचावर उभे राहून सुचेल ते बोलतात आणि पहाट करतात. आपल्याकडे बायकांची कामं पुरुष करतात हे लिहिलं, तर बाईंनी समासात विचारलं, “का?” या एका ‘का’ने मी दोन महिने गावातल्या म्हाताऱ्या नटांच्या ओसरीवर बसले. म्हणजे शिकायला गेले जर्मनी आणि अभ्यास केला वालावल-पाटच्या जत्रांचा. हे त्या अभ्यासक्रमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

मोबाइल भाषांतर करतो हे खरं आहे, सड्यावरचो. माझं निम्मं काम आता मशीनने केलेलं तपासण्याचं झालंय आणि दर उतरलेत, खोटं कशाला सांगू? म्हणून म्हणते, भाषेबरोबर दुसरं काहीतरी हाताशी असू दे. हिच्याकडे तर आंबा आहे.

वाशिष्ठी

जपानीबद्दल लिहितो, मी चिपळूणचा, पुण्यात जपानी ग्राहकांच्या सपोर्टला आहे. नोकऱ्या आहेत म्हणून जपानी घेऊ नको, पहिल्या वर्षाच्या शेवटी सोडशील. रोजच्या वापराच्या कान्जींची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची आहे.

मात्र मराठी माणसाला दोन सवलती आहेत. क्रियापद शेवटी, आणि ‘त, ला, हून’सारखं सगळं नामाच्या मागे लागतं, त्यामुळे वाक्य डोक्यात उलटंपालटं करावं लागत नाही. आणि त्यांची मुळाक्षरं म्हण: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीची चाल वाटते ना? बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास तिकडे गेला, त्याचा हा ठसा आहे.

माझी फजिती वाचून शहाणी हो. जेएलपीटी, म्हणजे जपानीच्या पातळीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, एन५ सगळ्यात खालची, एन१ वरची. त्यात वाचणं आहे, ऐकणं आहे, बोलणं नाही. मी एन२ झालो आणि पहिल्याच कॉलवर समोरच्या बाईंनी नाव विचारलं तर पाच सेकंद गप्प. बाईंना वाटलं लाइन तुटली.

पत्रादेवीपलीकडे

एवढ्या लांब कशाला जाता? मी बांद्याचा, पोर्तुगीज केलं गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर. सकाळी एसटीने पणजी, संध्याकाळी घरी जेवायला. मुलीला बाहेर पाठवायला घरचे तयार नसतील तर हे लक्षात ठेव. (देवगडहून रोज जमणार नाही, पण शनिवार-रविवार घरी येशील.)

पोर्तुगीज निम्मी येतेच आपल्याला. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, बालदी, घमेलं, लिलाव, पगार, तुरुंग. तुझ्या बाबांच्या कलमांवर जो हापूस लागतो तोही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरूनच. काम काय मिळतं? गोव्यात जुन्या नोंदी, जन्मदाखले, जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. गोवामुक्तीच्या, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी ते बाहेर काढतात. हस्ताक्षर वाचता वाचता डोळे जातात, पण काम संपत नाही.

सावध एवढंच, आम्ही शिकलो पोर्तुगालची भाषा आणि ऑनलाइन कामं येतात ब्राझीलची. मी ‘बों दीया’ म्हणून नमस्कार केला, पलीकडून आलं ‘बों जीया’. तेव्हापासून सकाळी तासभर ब्राझीलच्या बातम्या ऐकतो.

कुंडलिकेचा काठ

पोर्तुगीजचा विषय निघालाच आहे तर, आमच्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वाड्यात हजारभर माणसं घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीजपासून निघालेली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, आपली भाषा. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. आजूबाजूला सगळी मराठी, त्यामुळे शब्द पोर्तुगीजच्या पोटचे आणि क्रियापद मराठीसारखं शेवटी. परदेशातले भाषाशास्त्रज्ञ येऊन तिच्यावर पुस्तकं लिहून गेले. आमच्या कॉलेजातली किती मुलं खाडीवरचा पूल ओलांडून तिथे गेली? मी धरून शून्य, चाळिशीत गेलो.

आणि कोणी रशियन घेणार असेल तर त्याने आमच्याकडे जरूर यावं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. घोडा विकायला आणला होता, तो जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला, मोठ्या मिनतवाऱ्या करून सुटला. चौलच्या बायका डोकं न झाकता वेणी घालतात, असं त्याने लिहून ठेवलंय. मुंबई विद्यापीठात कलिनाला रशियन आहे, जर्मन आणि फ्रेंचही.

कलमाखालची

सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमचं तीनदा वाचलं, एकदा आईला वाचून दाखवलं. चेडवाकडे आली तेव्हा हसत सुटली. व्याकरणाचं पुस्तक आहे, त्यात चुलतभावाने मिशा काढल्यात तेवढं सोडलं तर चांगलं आहे.

दिल्लीचं कोणी सांगेल का? तिथे जर्मन आधी यावं लागतं का? आणि परीक्षा इंग्रजीतूनच ना?

उभादांड्याचं चेडू

जेएनयूत बीए ऑनर्सला भाषा शून्यापासून शिकवतात, आधी काही यायला नको. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी, बरंच आहे. प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आणि ती परीक्षा तेरा भाषांतून देता येते, त्यात मराठी आहे. फी पुण्यातल्या खोलीच्या भाड्यापेक्षा कमी वाटेल, पण वसतिगृह मिळेपर्यंत दिल्लीत राहायचा खर्च धर. फॉर्म निकालाच्या खूप आधी निघतो. यंदाचा हुकला असेल तर रडत बसू नको, हे वर्ष ए१ आणि ए२ ला दे. हैदराबादला इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे, तीही बघून ठेव. दिल्लीला जायला मंगला एक्सप्रेस रत्नागिरीला थांबते, निजामुद्दीनला सोडते. स्वेटर घेऊन जा. तिथली थंडी कशी वाजते ते ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणताना नीट कळेल.

आणि त्या जर्मन बाईंचा पत्ता असेल तर पत्र लिही. चुका असू देत. झेल्याचं आणि चिकाचं लिही, ते तुझ्याइतकं नेमकं मला लिहिता येणार नाही.

कलमाखालची

ईमेल आहे! आज रात्री लिहिते. बाबांना चेकनटचं सांगितलं, ते म्हणाले टेम्पोला किती आहेत दाखवू का. म्हणजे बहुतेक हो म्हणतील.

एकच शंका आहे. सड्यावरचो, आमच्या वाडीत म्हैस एकाच घरी आहे. आणि ‘बोलतलंस’ असं मला एकच माणूस म्हणतो. काका, तुम्हीच ना?

सड्यावरचो

गुरां बांधूक जातंय. फॉर्मचा काय ता सकाळी बोलूया.